चाकणची शहाजादी, बाणकोटचा आगवाला

चाकणला भुईकोटाच्या पडक्या तटाजवळ पत्र्याचं एक छप्पर होतं. त्याखाली एक नवाब राहायचा आणि एक शहाजादी. नवाब बैलांच्या खुरांना पत्र्या, म्हणजे नाल, मारायचा आणि त्याची लेक शहाजादी बैल पाडायची. देशातली संस्थानं खालसा होऊन काही वर्षं झाली होती, पण या घराण्याला त्याची झळ पोचली नव्हती. खालसा करण्याजोगं तिथं काही नव्हतंच.

बैल पाडणं म्हणजे त्याला इजा करणं नव्हे. पत्री मारायची तर जनावर कुशीवर निजलेलं लागतं आणि बैल सांगून निजत नाही. दोराचा एक फेरा छातीमागून, एक पोटामागून घ्यायचा आणि नेमक्या क्षणी टोक ओढायचं. मग ते प्रचंड धूड जणू स्वतःच्याच मर्जीने गुडघे मोडून खाली बसतं. ओढ आधी दिली तर बैल बिथरतो, उशिरा दिली तर तो तुमच्यावर पडतो. नवाबचा खांदा उतरल्यापासून दोर शहाजादीच्या हातात आला. बाईमाणसाच्या हाती बैल द्यायला शेतकरी आधी का-कू करायचे. पुढे पुढे शनिवारच्या बाजाराला ते लांबूनच विचारू लागले, "पोरगी हाय का घरी? न्हाईतर पुढच्या बाजाराला येतो."

अठराव्या वर्षी तिचं लग्न झालं होतं, जुन्नरच्या एका अत्तरवाल्याशी. सत्तेचाळीस साली तो "धंद्याचं जरा बघून येतो" म्हणून बोटीने कराचीला गेला. शहाजादीने वाट पाहिली. पुष्कळ पाहिली. मग तिकडून आलेल्या एका जुन्नरकराने सांगितलं, की अत्तरवाल्याने तिथं नवा संसार मांडलाय आणि हिला मोकळी केल्याचं चार माणसांसमोर बोलून दाखवलंय. काझींनी शहानिशा केली आणि ती मोकळी झाली. त्या दुपारी तिने दोन बैल पाडले. नेहमीपेक्षा जरा जोरात पाडले, असं बैलांच्या मालकाचं म्हणणं होतं. त्यानंतर तिने आयुष्याबद्दल एकच गोष्ट ठरवली: समुद्रापल्याड गेलेल्या माणसाची वाट म्हणून बघायची नाही. समुद्र तिने तोवर पाहिला नव्हता, त्यामुळे ठरवणं सोपं गेलं.

पंचावन्न साली नवाब हजला निघाला. जायचं खरं तर त्याला आणि त्याच्या बायकोला होतं. दोघांनी उभा जन्म त्यासाठी पोटाला चिमटा घेतला होता. पण बायको आदल्या हिवाळ्यात गेली. नवाब म्हणाला, "तिच्या जागी शहाजादी येईल. जागा रिकामी न्यायची म्हणजे तिच्या कष्टांची थट्टा."

निघायच्या दिवशी निम्मं चाकण छपरापाशी जमलं. शेजारच्या दुर्गाबाईंनी मक्केहून जमजमचं पाणी मागवलं. "देव्हाऱ्यात गंगेच्या गडूशेजारी ठेवते," त्या म्हणाल्या. "भांडायच्या न्हाईत त्या दोघी. भांडायला माणसं लागत्यात." कांदेवाला दत्तोबा तळेगावच्या स्टेशनापर्यंत सोडायला बैलगाडी घेऊन आला आणि गाडीत आधीच एक पोतं होतं.

"नवाबभाई, बोट लागती म्हणत्यात. कांदा फोडायचा आन् हुंगायचा. चाकणचा कांदा हुंगल्यावर दुसरं काय लागायची बिशाद हाय?"

"दत्तोबा, मी हजला चाललोय. मंडईला न्हाई."

"मग उरलं तर तिकडं इका," दत्तोबा म्हणाला.

जहाजाचं नाव 'सफीर'. जुनं, कोळशावर चालणारं, आणि ऐन पावसाळ्यातल्या समुद्रावर निघालेलं. यात्रेकरूंची व्यवस्था खालच्या मजल्यावरच्या लांबलचक दालनात होती. लोखंडी फळ्या, फळीवर चटई, चटईवर माणूस. मुंबई सुटली तेव्हा त्या दालनात लखनौची उर्दू होती, हैदराबादची उर्दू होती, बिहारची होती, आणि प्रत्येकाला दुसऱ्याची जरा अशुद्ध वाटत होती. दुसऱ्या दिवशी समुद्र उसळला आणि सगळ्यांची भाषा एकच झाली. तिच्यात शब्द नव्हते. बादल्या होत्या.

शहाजादीला बोट लागली नाही. पायांखालची जमीन हलते, हे तिला नवीन होतं. पण अंगाखालचं धूड उसळी मारतं, हे मुळीच नवीन नव्हतं. ती फळीच्या खांबाला पाय रोवून बसली, बुक्कीने कांदे फोडून वाटू लागली. नवाब पहिल्यांदा 'हजला, मंडईला नाही' या मुद्द्यावर ठाम होता. मग त्याने मुकाट्याने हात पुढे केला.

शेजारच्या फळीवर हवाबी नावाची दाभोळकडची म्हातारी होती, मुलाबरोबर निघालेली. कोकणातली, म्हणजे समुद्राचीच लेक, पण तिलाही लागली होती. कांदा नाकाशी धरून ती म्हणाली, "बाय माझे, आम्ही पोरांना सांगतो कोकणचो माणूस बुडत नाय. आता मेल्यावर सांगू काय?"

तेवढ्यात जहाज एका अंगावर असं कलंडलं, की कांद्याचं पोतं आडवं झालं आणि त्यातला एक मोठा कांदा दालनाच्या उतारावरून दाराकडे धावत सुटला. घरात शहाजादी दखनी बोलायची, पण रागाला तिची भाषा मराठी होती.

"थांब की मुडद्या! कुठं पळतोस? तुझ्या बाचं जहाज हाय व्हय?"

"बाचं नाय. कंपनीचं हाय," दारातून कुणीतरी म्हणालं.

दारात एक माणूस उभा होता, केसांपासून पायांपर्यंत काळा, नुसते डोळे आणि दात पांढरे. त्याच्या हातात कांदा होता आणि तो त्याचा वास घेत होता, लोक नातवाच्या टाळूचा घेतात तसा.

"चाकणचा काय?" त्याने विचारलं.

"तुमास्नी कसं कळलं?"

"आमच्या बाणकोटला घाटावरनं येतो. वास वेगळा." मग जरा थांबून, "एक ठेवू काय? खाली भट्टीपाशी कांदा खिशात असला म्हंजे झळ लागत नाय. आमच्या भंडाऱ्यानं, म्हंजे आचाऱ्यानं, कांदे कुलपात टाकलेत. म्हणतो, कप्तान खाईल का तुम्ही खाल."

"ठेवा की. पण तोंड धुऊन या एकदा. कोण हाय ते तर कळू द्या."

"धुतलं तरी असंच हाय," तो म्हणाला आणि गेला.

त्याचं नाव बरकत. जहाजाच्या पोटात बॉयलरच्या भट्टीत कोळसा मारायचं त्याचं काम. जहाजावर त्याला आगवाला म्हणत. वय तिशीच्या पुढं. आई-बाप गेलेले, बाणकोटचं घर भावाकडे, लग्न राहून गेलेलं. ते का राहिलं याचं त्याचं उत्तर असं, की दर वेळी मुलगी बघायला निघायच्या दिवशी जहाज निघायचं, आणि जहाज थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी तो तोंड धुऊन आला. धुतल्यावर तसंच नव्हतं. बरंच बरं होतं, असं हवाबीचं मत पडलं आणि तिने ते मनात ठेवलं नाही.

त्यानंतर पाळी संपली की बरकत कांद्यासाठी येऊ लागला. माणसाला दिवसाला किती कांदे लागतात, याचा विचार नवाबने केला, पण पोटात काही ठरत नसल्यामुळे डोक्यातही ठरेना. धुणं वाळत घालायच्या मोकळ्या पट्टीत शहाजादी उभी असायची, अलीकडे हवाबी बसलेली, आणि पलीकडे कठड्याला टेकून बरकत. हवाबी डोळे मिटून तसबीहची माळ ओढायची. डोळे मिटून तिला जेवढं दिसायचं, तेवढं पुष्कळांना उघडून दिसत नाही.

"एवढं जग फिरलात," शहाजादीने एकदा विचारलं, "समुद्रावर बघण्याजोगं काय हाय?"

"मी कुठं समुद्र बघितला? मी खाली असतो. लोकांनी बंदरं बघितली, मी बंदराबंदराचा कोळसा बघितला. दरबनचा बरा. कलकत्त्याचा नुसता धूर. एक कुठला तरी असा होता, पेटला की मग इझायचाच नाय."

"आमचा एक बैल असा हाय. उठला की बसत न्हाई."

"मग?"

"मग मी बसवते."

असं त्यांचं बोलणं. खूर, राख, खिळे, कोळसा. प्रेमाचा एकही शब्द त्यात कधी आला नाही, आणि हवाबीला त्यावरूनच खात्री पटली.

एका दुपारी मोठी लाट आली आणि दालनातल्या पत्र्याच्या ट्रंका दोरखंडातून सुटल्या. एकेक ट्रंक घरंगळत भिंतीवर आदळू लागली. निजलेली माणसं फळ्यांवर पाय वर घेऊन कलमा म्हणू लागली. शहाजादीने सुटलेला दोर उचलला, सगळ्यांत मोठ्या ट्रंकेला पुढून एक आणि मागून एक फेरा घातला, आणि जहाज दुसऱ्या अंगाला कलू लागलं त्या क्षणी टोक खांबाभोवती ओढून घेतलं. ट्रंक बसली. तिच्यामागे अडकून बाकीच्याही बसल्या. बरकत मदतीला धावत खाली आला होता, तो तसाच उभा राहिला.

"बैल असाच पाडतेस?" 'अहो-जाहो' करायचं तो त्या घाईत विसरला, आणि पुन्हा त्याला ते कधी आठवलं नाही.

"व्हय. पण बैल जरा ऐकतो."

त्या दिवशी बरकत आपल्या सारंगाकडे गेला. सारंग म्हणजे खलाशांचा म्होरक्या. जहाजावर कुणा खलाशाला सोयरीक करायची झाली, तर तो आपल्या तोंडाने बोलत नसे. बाप जवळ नसला तर बापाच्या जागी सारंग. आगवाल्यांचा सारंग हुसेनमियां हा मोठा समजूतदार माणूस, आणि समजूतदार माणसांसारखाच सावकाश. त्याने सगळं ऐकलं आणि मान हलवली.

"बोलू. पण समुद्र शांत झाल्यावर. ओकणाऱ्या बापाला मुलगी मागू नये. एक तर तो कशालाही नाय म्हणतो, नायतर कशालाही हो म्हणतो. दुसरं जास्त वाईट. शांत झाल्यावर शब्द फिरवतो."

हे बरोबर होतं. हवाबीने दोन्हीकडच्यांच्या कानावर सोयरिकीची गोष्ट घातली, आणि नवाबने हो किंवा नाही काही न म्हणता एवढंच विचारलं, की माणूस नमाजी आहे का. "भट्टीतून वेळ मिळतो तेव्हा हाय," हवाबी म्हणाली. नवाबच्या दाढीत बऱ्याच दिवसांनी हसू दिसलं.

शहाजादीला मात्र कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तिने स्वतःलाच विचारलं. माणूस चांगला होता. पण समुद्रावरचा होता. वर्षातले दोन महिने घरी आणि दहा महिने कुठल्या तरी बंदराचा कोळसा. एकदा वाट बघून झालेली होती. त्या कामात तिला आता काही शिकायचं उरलं नव्हतं. 'तो बोलू दे, मग मी बोलीन,' असं तिने ठरवलं. विचारल्यावर द्यायचं उत्तर तिच्याजवळ तयार होतं: ये, पण राहायला ये.

एडन मागे पडलं आणि समुद्र एकाएकी तेल ओतल्यासारखा शांत झाला. पण तांबड्या समुद्राची उष्णता अशी, की वरच्या माणसांनाही कठडा धरवेना. खाली भट्टीपाशी दोन आगवाले चक्कर येऊन पडले आणि बरकतला त्यांच्याही पाळ्या कराव्या लागल्या. तो वर येईना. हुसेनमियांनी म्हटलं, पोराला जरा मोकळा होऊ दे, त्याच्या तोंडाला उजेड लागू दे, मग जाऊ. शेवटी एका सकाळी सारंगाने पेटीतला काळा कोट काढला, टोपी झटकली, दाढी विंचरली आणि कोटाची गुंडी लावत असताना जहाजाचा भोंगा झाला.

लांब, तीनदा. यलमलमचा डोंगर कुठे तरी उजव्या हाताला, दिसत नसला तरी आडवा आला होता. तिथून पुढे हिंदुस्थानच्या यात्रेकरूने एहरामाशिवाय जायचं नसतं. माणसं आंघोळ करून दोन पांढऱ्या न शिवलेल्या वस्त्रांत आली. कालपर्यंतचे लखनौवाले, बिहारवाले, शेठ आणि नालबंद, सगळे एकसारखे दिसू लागले. 'लब्बैक', 'मी हजर आहे', असा घोष उठला आणि लोखंडी दालन घुमलं. त्या वेळी नवाब रडला. बायकोचं नाव घेऊन रडला.

हुसेनमियांनी गुंडी सोडली, कोट काढला आणि घडी घालून पेटीत ठेवला.

खाली, ऊन न पोचणाऱ्या भट्टीपाशी, बरकतनेही फावडं क्षणभर थांबवलं. भोंग्याचा अर्थ त्याला कुणी सांगायला नको होता.

इकडे नवाबने डोळे पुसले, दोन वस्त्रं नीट केली, फळीवर शेजारी एका माणसाची जागा केली आणि वाट बघत बसला. सारंग आज येणार, हे हवाबीने सांगितलेलंच होतं. दुपार झाली. कुणी आलं नाही. नवाबने पलीकडच्या पोराकरवी निरोप धाडला, की यायचं असेल तर या, मी मोकळा आहे. पोर परत आलं. "सारंग म्हणतात, आता नाही."

"आता न्हाई?" नवाब म्हणाला. "म्हणजे? आमी काय भीक मागायला बसलो?"

तो संतापला, पण एहरामात भांडता येत नाही. शिवी देता येत नाही, वाद घालता येत नाही, उवेलासुद्धा मारता येत नाही. नवाबच्या आयुष्यात एवढी कडक इबादत याआधी झाली नव्हती. तो ओठ हलवत बसला. लोकांना वाटलं, दुवा म्हणतोय.

शहाजादीच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. ती म्हणाली, "समुद्रावरची माणसं, अब्बा. आलं वारं, गेलं वारं." आणि रिकामं झालेलं पोतं झटकायला लागली. पोत्यात काही उरलं नव्हतं, तरी ती बराच वेळ झटकत राहिली.

हवाबी तसबीह ठेवून उठून बसली.

"कसली वारं घेऊन बसलीस? अगो, आमच्यात एहराम बांधल्यावर सोयरिकीचा शब्दसुद्धा काढीत नाय. मुलीनं बांधला, नायतर तिच्या बापानं, तर निकाह लागतच नाय."

"असं कसं लागत न्हाई?" नवाब म्हणाला. "आमच्यात लागतो. आमचे मौलवीसाब सांगत आलेत."

"तुम्ही घाटावरचे. तुमचा इमाम वेगळा, आमचा वेगळा. आम्ही कोकणातले सगळे शाफई पंथाचे. तुम्ही हनफी."

"मग त्याला ठावं न्हाई, आमच्यात चालतं?"

"आणि तुम्हाला ठावं होतं, आमच्यात चालत नाय?"

नवाब उठला. जहाजावरच्या मौलवींना विचारलं. त्यांनी शांतपणे दोन्ही बाजू ऐकल्या आणि निर्वाळा दिला, की दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. हे उत्तर इतकं खरं होतं, की त्याचा कुणालाच काही उपयोग झाला नाही.

नवाबला बाकीचं नंतर उमगलं, पण शहाजादीला तिथंच उमगलं. जेद्दाला सगळे उतरणार. 'सफीर' रिकामं परत फिरणार आणि त्यांना आणायला जे जहाज लागेल ते लागेल. हा माणूस नियम मोडणारा नव्हता. म्हणूनच तो चांगला होता, आणि म्हणूनच तो आता एक शब्द बोलणार नव्हता. ओढ द्यायचा क्षण दोन सावकाश शहाण्या माणसांनी घालवला होता. आणि उरलं होतं ते नेमकं तेच काम, जे तिने पुन्हा करायचं नाही म्हणून ठरवलं होतं.

जेद्दाला उतरताना फळकुटाच्या जिन्याशी झुंबड होती. बरकत तिथं उभा होता, स्वच्छ धुतलेला, धुतल्या सदऱ्यात. त्याने नवाबचं बोचकं उचलून दिलं, हवाबीचा हात धरला. शहाजादीकडे बघितलं आणि लोखंडाकडे बघू लागला.

शहाजादी त्याच्यासमोर थांबली. मागून लोक ढकलत होते.

"चाकण ठावं हाय?"

"कांद्यावरनं."

"पुण्याहून नाशकाला रस्ता जातो, त्यावर. बाजारतळ ओलांडला की पडका तट. तिथं पत्र्याचं छप्पर. शनिवारी बैल आणत्यात लोक पत्र्या मारायला."

"माझ्याकडं बैल नाय," बरकत म्हणाला.

"लोक आणत्यात, एवढंच सांगितलं."

"अस्सं."

"आन् मी वाट बघत नसते कुणाची. छप्पर तिथंच असतंय. ते हलत न्हाई."

नवाबने मागे वळून मोठ्याने विचारलं, "काय बोलतेस?"

"धंद्याचं, अब्बा," शहाजादी म्हणाली. ते खोटं नव्हतं, आणि कुठल्याही इमामाने त्याला हरकत घेतली नसती.

हज झाली. परतीला दुसरं जहाज लागलं. तिने भोंग्याजवळच्या माणसांपर्यंत सगळे चेहरे एकदा बघून घेतले आणि पुन्हा बघितले नाहीत. चाकणला नवाब 'हाजी' झाला. दुर्गाबाईंनी जमजमची बाटली गंगेशेजारी ठेवली आणि दोघी खरंच भांडल्या नाहीत. दत्तोबाने कांद्याचं काय झालं विचारलं. "सगळा खपला," नवाब म्हणाला. "मुंबई-जेद्दा रस्त्यावर तुझं नाव झालंय."

शहाजादी वाट बघत नव्हती. हे सगळ्या चाकणला माहीत होतं, कारण ते ती स्वतः सांगायची. आल्यावर तिने ऐरण छपराच्या आतल्या कोपऱ्यातून काढून रस्त्याच्या तोंडाशी मांडली, ती उजेडासाठी. शनिवारी कुठला पाहुणा बाजारात आला, याची चौकशी ती करायची, ती गिऱ्हाइकासाठी. दिवाळी गेली, कांद्याची रोपं लागली. कोकणातून कुणी आलं की नाही, हे दत्तोबाने तिला सांगायचं सोडून दिलं, कारण ती "मी इचारलं व्हय?" म्हणायची.

मग एका शनिवारी, भर बाजारात, एक माणूस बैल ओढत छपराकडे येताना दिसला. बैल येत नव्हता. माणूस पुढून ओढत होता, आणि मागे काळा कोट आणि टोपी घातलेला एक म्हातारा बैलापासून सुरक्षित अंतरावर चालत होता.

शहाजादी हातातला दोर गुंडाळत उभी राहिली.

"हा बैल कुणाचा?"

"माझा नाय," बरकत म्हणाला. त्याला धाप लागली होती. "तळेगावला उतरलो, चालत आलो. बाजारात एकानं गाडी सोडली होती, त्याला म्हटलं जरा घटकाभर दे. तू म्हटलं होतंस, लोक बैल आणतात."

"हा दत्तोबाचा ढवळ्या. मागल्या बाजाराला मीच चारी पायांना पत्र्या ठोकल्यात."

बरकतने बैलाच्या पायांकडे बघितलं. खरंच चकचकीत होत्या. तोवर दत्तोबा कमरेवर हात ठेवून येऊन उभा राहिला होता आणि त्याच्या मागे बाजारातला बराचसा भाग.

"मी आपला दिला," दत्तोबा म्हणाला. "म्हटलं, राव, दर्यावरचा माणूस बैल मागतोय, काय तरी मोठंच कारण असणार."

हुसेनमियां सारंग कोटाची गुंडी लावून पुढे झाला. हवा स्वच्छ होती, एहराम कुणी बांधलेला नव्हता, मुलीच्या बापाचं पोट ठीक होतं. त्याने नवाबला सलाम केला आणि जहाजावर जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं एकही न गाळता म्हटली. नवाबने ती ऐकून घेतली. मग म्हणाला, "मी मागंच हो म्हटलं असतं. आता तिला इचारा. मागं कुणी इचारलं न्हाई, तेवढं चुकलं."

शहाजादीने बरकतकडे बघितलं.

"जहाजावर परत कधी जायचं?"

"पुढल्या महिन्यात बोलावणं येईल."

"मग हे बघा. एक जण बोटीनं गेला, त्याची वाट बघून झाली माझी. दुसऱ्याची बघायची न्हाई. तुमी चांगलं हाय. पण चांगल्या माणसाची वाट बघायला कमी दुखतं, असं काय न्हाई. राहायचं असंल तर ऱ्हावा. न्हाईतर चहा घ्या आन् जावा, मी काय वाईट बोलायची न्हाई."

बाजार आणखी जवळ सरकला. बरकतने आयुष्यात भट्टीशिवाय काही केलं नव्हतं, आणि भट्टी समुद्रावर असते. त्याने ढवळ्याची वेसण दत्तोबाच्या हातात दिली.

"राहीन," तो म्हणाला. "पण करू काय? बैल माझ्यानं पाडवत नाय. आता बघितलंसच."

"पिंपरीला जा की," दत्तोबा म्हणाला. "औषधाचा कारखाना निघालाय नवा. एवढी धुराडी! खाली बॉयलर असणार, न्हाईतर धूर काय विडीचा निघतोय?"

सोमवारी बरकत पिंपरीला गेला. दारावरच्या माणसाने उद्या ये सांगितलं, दुसऱ्या दिवशी परवा ये सांगितलं. तो रोज गेला. अखेर फोरमनने त्याला बॉयलरपुढे नेलं आणि विचारलं, कुठं काम केलंस? "समुद्रावर," बरकत म्हणाला. फोरमनने सांगितलं, की इथलं बॉयलर हलत नाही. बरकतने खात्री करून घेतली. "कधीच नाय?" आधी बदलीवर, मग कायम, असं त्याचं काम लागलं.

निकाह दोन्ही इमामांना चालेल अशा दिवशी लागला, म्हणजे कुठल्याही साध्या दिवशी. हवाबी दाभोळहून येऊ शकली नाही. तिने मुलाबरोबर सुकी मासळी आणि निरोप पाठवला, की मी डोळे मिटून सगळं बघितलं.

लग्नानंतर पहिल्यांदा कामावर निघाला त्या सकाळी बरकतने सवयीने पेटी भरली. कपडे, चादर, लोटा. शहाजादीने विचारलं, "हे कशाला?" तेव्हा त्याला उमजलं, की कशालाच नाही. पेटी ठेवून तो एसटीने गेला आणि तिन्हीसांजेला परत आला. कामाला गेलेला माणूस त्याच दिवशी घरी येतो, हे त्याने जन्मात पहिल्यांदा बघितलं होतं. तो दारात थोडा लाजल्यासारखा उभा राहिला, चुकून लवकर आल्यासारखा.

शहाजादी चुलीपुढून उठून दारापर्यंत आली. तिलाही हे नवीनच होतं.

"आलात?"

"आलो."

"बसा," ती म्हणाली. मग तिला जरा विचार पडला, कारण यापुढे काय बोलायचं असतं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. "उद्या परत जायचं?"

"जायचं. आणि परत यायचं."

"बरं," शहाजादी म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.